लांडगामाणूस दोन फेऱ्यांत मरू नये म्हणून

डंजन्स अँड ड्रॅगन्ससारख्या, टेबलाभोवती बसून पात्रं रंगवायच्या खेळात लांडगामाणूस (पौर्णिमेला लांडगा होणारा माणूस) आणला की ठरलेलंच: पौर्णिमा, ओरडणं, झाडीतून उडी. टेबलावरचा कुणीतरी "चांदीची तलवार काढतो" म्हणतो आणि भयकथेची मारामारी होते. आमच्या धरमपेठेतल्या रविवारच्या खेळात हे करून बघितलं, जमतं:

1. लांडगा होणारा माणूस आधी ठरवा, तोही खेळाडूंच्या गरजेचा. उधारीवर बाण देणारा लोहार उत्तम. सुरुवातीची सत्रं तो फक्त लोहारच असू द्या.

2. भिंतीवरचं कालनिर्णय टेबलावर आणा. खेळातला प्रत्येक दिवस त्यावर पेन्सिलीने खोडत जा. पौर्णिमा जवळ येतेय हे खेळाडू स्वतःच बघतात, तुम्हाला "वातावरण" वगैरे करावं लागत नाही. पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी भट्टी थंड, लोहाराच्या नखांत माती. एवढंच सांगा अन् गप्प बसा. बाकीचं तेच करतात, अगदी सावजी रस्सा थंड होईस्तोवर.

3. चांदी कमी ठेवा; लांडगामाणसाला ती मारक. डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या 2014च्या नियमांत एका शस्त्राला किंवा दहा बाणांना चांदी चढवायला 100 सुवर्णमुद्रा लागतात. गावात तेवढीच चांदी असू द्या; कुणाला मिळणार यावरच भांडण पेटतं. आणि चांदी चढवायला जायचं कुणाकडे? त्याच लोहाराकडे.

एक सांभाळा: चाव्याचा शाप (लांडगामाणूस ज्याला चावतो तोही तसाच होतो) खेळाडूच्या पात्राला लावायचा असेल तर आधी त्याला बाजूला घेऊन विचारा. वर्षभर जपलेलं पात्र असं हातातून गेलं की काही जण पुढच्या रविवारी येतच नाहीत.