तोरा आणि प्रार्थनेतून देवाची इच्छा शोधताना या चुका टाळा

सर्वांत मोठा घोटाळा इथे होतो: मनात प्रश्न धरायचा, तोरा (ज्यू धर्मग्रंथातली पहिली पाच पुस्तकं) कुठेही उघडायची आणि बोट पडेल त्या ओळीला देवाचा कौल मानायचं. ज्यू परंपरेत धर्मनिर्णय असा निघत नाही. तालमूदात, म्हणजे रब्बींच्या (ज्यू धर्मपंडितांच्या) चर्चांच्या संग्रहात, एका मातीच्या भट्टीवरून झालेला वाद आहे. रब्बी एलिएझर यांच्या बाजूने झाड जागचं हललं, पाणी उलटं वाहिलं, आकाशवाणीही झाली. तरी रब्बी यहोशुआ उभे राहून म्हणाले, ‘ती (म्हणजे तोरा) आकाशात नाही’ (‘अनुवाद’ हे पाचवं पुस्तक, ३०:१२). निर्णय बहुमताने झाला. तेव्हा संकेत, स्वप्नं, योगायोग बाजूला ठेवा आणि अभ्यासाला लागा. ‘तोरा’ या शब्दाचा मराठीतल्या ‘तोऱ्या’शी संबंध नाही, हिब्रूत तोरा म्हणजे शिकवण.

दुसरी चूक म्हणजे ओळ एकटी वाचणं. ‘डोळ्याबद्दल डोळा’ (निर्गम २१:२४) याचा अर्थ तालमूद पैशांत भरपाई असा लावतं. करडू आईच्या दुधात शिजवू नये, ही आज्ञा तीनदा येते. त्यातून शिजवणं, खाणं आणि त्यापासून लाभ घेणं असे तीन निषेध निघाले. लेखी तोराला मौखिक परंपरेची जोड नसेल, तर अर्ध्याच वाक्यावर वागणं होतं. उपाय सोपा आहे. तोराच्या ५४ साप्ताहिक पाठांपैकी त्या आठवड्याचा पाठ घ्या. त्याचे सात भाग असतात. रविवारपासून रोज एक केला की शब्बाथला (शनिवारच्या विश्रांतिदिनी) पूर्ण होतो. मूळ दोनदा, भाषांतर एकदा ही जुनी रीत आहे. सोबत राशी या रब्बींचं (१०४०–११०५) भाष्य असलं तर उत्तम. एक बारीक खोच: ख्रिस्ती छपाईच्या मराठी बायबलात अनुवाद १२:३२ असलेलं वचन हिब्रूत १३:१ आहे. संदर्भ जुळला नाही तर आधी क्रमांक तपासा.

तोरातल्या सगळ्या ६१३ आज्ञा आपल्याच अंगावर घेऊ नका. कित्येक फक्त याजकांसाठी आहेत, यरुशलेमच्या मंदिराशी निगडित आज्ञा ते इ.स. ७० मध्ये पाडलं गेल्यापासून पाळताच येत नाहीत, आणि सातव्या वर्षी जमीन पडीक ठेवण्याची आज्ञा इस्राएलच्या भूमीपुरती आहे. ज्यू नसलेल्यांसाठी परंपरा नोहाच्या सात आज्ञा सांगते.

आता प्रार्थना. सकाळच्या शेमाची (‘हे इस्राएला, ऐक’ या पाठाची) वेळ चुकते, कारण घड्याळाचा तास धरला जातो. इथला तास म्हणजे उजेडाच्या वेळेचा बारावा भाग, आणि शेमा तिसरा तास संपायच्या आत म्हणायचा. जूनमध्ये मुंबईत हा तास सुमारे ६६ मिनिटांचा होतो, म्हणून मर्यादा ९:२०च्या आसपास येते. डिसेंबरात तो ५५ मिनिटांचा, मर्यादा ९:५०च्या आसपास. काही मतांनुसार मोजणी पहाटेपासून होते. मग वेळ आणखी अलीकडे सरकते. तोंड यरुशलेमकडे करायचं, म्हणजे कोकणातून पश्चिम-वायव्येला.

अमीदा, म्हणजे उभ्याने म्हणायची मुख्य प्रार्थना, नुसती मनात म्हणून चालत नाही. ओठ हलावेत, आपल्यालाच ऐकू जाईल एवढाच आवाज. लक्ष सगळ्या १९ आशीर्वादांत टिकत नाही; निदान पहिल्यात तरी ते असायलाच हवं. नव्या चंद्राच्या दिवशी ‘याले वेयावो’ (‘रेत्झे’ या सतराव्या आशीर्वादात घालायचा जादा मजकूर) राहून गेलं आणि ‘मोदीम’ हा अठरावा आशीर्वाद सुरू करण्याआधी आठवलं, तर तिथेच म्हणा. मोदीम सुरू झालं असेल तर ‘रेत्झे’पर्यंत मागे या. अमीदा पूर्ण झाली असेल तर पुन्हा पहिल्यापासून. मात्र संध्याकाळच्या अमीदेत हे राहिलं तर परत म्हणायची नाही.

जे घडून गेलं त्यासाठी मागणं मागू नका. गावात आक्रोश ऐकू आला आणि ‘तो माझ्या घरातला नसो’ म्हटलं, तर मिश्ना, म्हणजे तालमूदाचा मूळ ग्रंथ, त्याला व्यर्थ प्रार्थना म्हणते. पुढचं मागायचं असेल तर रोजच्या अमीदेतल्या सोळाव्या आशीर्वादात, ‘शोमेआ तेफिला’मध्ये, जागा आहे. तिथे आपलं मागणं मराठीतही मागता येतं. शब्बाथच्या अमीदेत सातच आशीर्वाद असतात, त्यात ही जागा नाही.