आयकर रिटर्न सीझनच्या कस्टमर सपोर्टसाठी मुलाखत देताय? या चुका टाळा

मे संपत आला की आमच्याकडे भरती सुरू होते. पुण्यातल्या एका ऑनलाइन रिटर्न भरून देणाऱ्या कंपनीत मी सपोर्ट टीम सांभाळते आणि जूनमध्ये दिवसाला आठ-दहा मुलाखती घेते. काम तीन-चार महिन्यांचं. फॉर्म १६ (पगाराचा आणि त्यातून कापलेल्या कराचा दाखला) कुठे अपलोड करायचा, रिफंड का अडकलाय, फी भरली तरी पावती का आली नाही, अशा प्रश्नांना फोनवर आणि चॅटवर उत्तरं द्यायची. १५ जूनपर्यंत नोकरदारांच्या हातात फॉर्म १६ पडतो, तिथून कॉल वाढत जातात आणि ३१ जुलैच्या, म्हणजे रिटर्नच्या शेवटच्या तारखेच्या, आधीचे दहा दिवस पाणी प्यायला उठायचीही पंचाईत होते. या कामाला अगदी योग्य असलेली मुलं-मुली दरवर्षी त्याच त्या चुकांनी हातची जातात. त्यांना नकार कळवताना मला खरंच वाईट वाटतं, म्हणून हे लिहितेय.

"सर, आठ दिवसांत येईल"

सगळ्यात जास्त उमेदवार इथे गळतात. आम्ही मुलाखतीत मॉक कॉल घेतो. मी ग्राहक होते, समोरच्याने कॉल सांभाळायचा. माझं ठरलेलं पात्र म्हणजे सातारकडचे निवृत्त शिक्षक. "अहो, माझे अठरा हजार अडकलेत. रिटर्न भरून दोन महिने झाले. कधी मिळणार, ते आधी सांगा."

एकदा एक मुलगा आला होता. बी.कॉम. झालेला, बोलणं स्वच्छ, टायपिंग झकास. माझं वाक्य संपायच्या आत त्याने सांगून टाकलं, "सर, काळजी करू नका, आठ दिवसांत खात्यात जमा होईल." मी विचारलं, "नक्की?" "शंभर टक्के सर." मी मुद्दाम गप्प बसले. कधीकधी गप्प बसलं की माणूस स्वतःला सावरून घेतो. त्याने सावरलं नाही, वर आणखी सांगितलं, "मी स्वतः तुमच्या रिफंडचा फॉलोअप घेतो."

आता यात काय बिघडलं? रिफंड आमची कंपनी देतच नाही. आयकर खात्याचं बंगळुरूचं केंद्र रिटर्नवर प्रक्रिया करतं, मग पैसे सुटतात. आमच्यापैकी कुणाच्याही हातात ती तारीख नसते. आठव्या दिवशी ते गुरुजी पुन्हा फोन करणार. तो फोन दुसऱ्याच कुणाला लागणार आणि त्या बिचाऱ्या मुलीला दुसऱ्याने दिलेल्या शब्दापायी बोलणी खावी लागणार. सीझनमधल्या चिडलेल्या कॉलचा माग काढत गेलं की बहुतेक वेळा असाच कुणीतरी दिलेला शब्द सापडतो.

त्याने आधी विचारायला हवं होतं. रिटर्न कधी भरलं? भरल्यावर ई-व्हेरिफाय केलं का, म्हणजे ते आपलंच असल्याची ऑनलाइन खात्री दिली का? पूर्वी या व्हेरिफायसाठी १२० दिवस मिळायचे. १ ऑगस्ट २०२२ पासून ती मुदत ३० दिवसांवर आली, पण कितीतरी ज्येष्ठांच्या डोक्यात अजून १२० च आहेत. व्हेरिफाय केलं नाही, तर रिटर्न पुढे सरकतच नाही. ते झालं असेल तर बँक खातं आयकर खात्याच्या पोर्टलवर व्हॅलिडेट (तपासून पक्कं) आहे का, जुन्या वर्षाच्या कराची काही मागणी बाकी दिसते का, हे बघायचं.

यातलं काहीही तुम्हाला मुलाखतीच्या दिवशी माहीत असावं अशी माझी अपेक्षा नाही, ते आम्ही आठवडाभराच्या ट्रेनिंगमध्ये शिकवतो. मला फक्त बघायचं असतं, की तुम्ही प्रश्न विचारता की घाईने समोरच्याचं तोंड गोड करता.

त्याच दिवशी बारामतीकडची एक मुलगी आली होती. आधी मेडिकलच्या दुकानात काउंटरवर असायची. टीडीएसचं पूर्ण रूप तिला सांगता आलं नाही. मॉक कॉलमध्ये मी तेच गाऱ्हाणं मांडलं. ती म्हणाली, "काका, नक्की काय झालंय ते मला आत्ता सांगता येणार नाही. रिटर्न कोणत्या तारखेला भरलं आणि त्यानंतर काही मेसेज आला होता का, एवढं सांगा. मी सीनियरना विचारून पाचच्या आत तुम्हाला फोन करते." आणि कागदावर पाच ही वेळ लिहूनही घेतली. मी तिथेच तिची निवड केली. ग्राहकाला काका म्हणावं की सर, यावरून आमच्यात दोन मतं आहेत. मला काका चालतं.

माझी स्वतःची सवय सांगते. रिफंडची तारीख मी कधीच देत नाही, माझ्या परत फोन करण्याची वेळ मात्र नेहमी देते आणि ती पाळते. मॉक कॉलमध्ये एवढं केलंत तरी अर्धी मुलाखत पार पडली.

ओटीपी

मॉक कॉलच्या शेवटी मी एक गोष्ट हमखास करते. वैतागून म्हणते, "मला यातलं काही जमत नाही हो. पासवर्ड सांगतो, ओटीपी पण सांगतो, तुम्हीच करून टाका." दहातले चार-पाच जण मदतीच्या भरात म्हणतात, "हो, सांगा ना." तिथे मुलाखत संपते. बाकी सगळं छान झालं असलं तरीही.

हे मला फार कडक वाटायचं, एका सीझनपर्यंत. तेव्हा हंगामी भरतीतल्या एका मुलाने चॅटवर एका गृहस्थांकडून आधारचा ओटीपी मागून घेतला आणि त्यांचं रिटर्न स्वतःच व्हेरिफाय करून दिलं. हेतू चांगला होता. रांगेत शंभरावर चॅट थांबलेले, समोरच्या माणसाला बटण सापडेना. तासाभराने त्या गृहस्थांच्या लक्षात आलं, की एआयएसमध्ये (आयकर खात्याकडच्या आपल्या वर्षभराच्या व्यवहारांच्या यादीत) दिसणारं मुदत ठेवीचं व्याज रिटर्नमध्ये धरलेलंच नाही. व्हेरिफाय व्हायच्या आधी हे कळलं असतं, तर पोर्टलवर ते रिटर्न डिस्कार्ड (रद्द) करून नवं भरता आलं असतं. आता सुधारित रिटर्न भरणं आलं, जास्तीचा कर आला. पण पैशांपेक्षा त्यांना दुसरंच लागलं होतं. फोनवर ते सारखं म्हणत होते, "माझ्या नावावर तुम्ही सही केलीत." आणि त्यांचं बरोबर होतं. ओटीपी ही त्या माणसाची सही आहे. मुलाला काढावं लागलं. तो माझ्यासमोर रडला. तो दिवस मी विसरलेले नाही.

तेव्हा कुणी ओटीपी सांगायला लागलं तर मध्येच थांबवा. "मला सांगू नका, तुम्हीच टाका, मी लाइनवर आहे, एकेक पायरी सांगते." याला दोन मिनिटं जास्त लागतात, लागू देत. कॉल लवकर संपवणं म्हणजे चांगलं काम, असं आधीच्या नोकरीत शिकून आलेल्यांना हे पटवायला मला सगळ्यात जास्त वेळ लागतो.

सुट्ट्या लपवू नका

"जुलैमध्ये सुट्टी लागेल का?" यावर सगळे "नाही मॅडम" म्हणतात. मग वीस जुलैला कुणाचा पेपर निघतो, कुणाच्या बहिणीची बोलणी.

दुसरा प्रश्न मी विचारते, "मुदत वाढली तर थांबाल का?" हा प्रश्न अनेकांना उगाच वाटतो. २०२० मध्ये मुदत सरकत सरकत १० जानेवारी २०२१ पर्यंत गेली. २०२१ मध्ये जूनच्या ७ तारखेला नवं पोर्टल आलं, त्याच्या अडचणींनी सगळ्यांना जेरीस आणलं आणि मुदत ३१ डिसेंबरला पोचली. पुढची तीन वर्षं ३१ जुलैच राहिली. २०२५ मध्ये आधी १५ सप्टेंबर झाली, शेवटी आणखी एक दिवस मिळाला. त्या वर्षी २७ ऑगस्टला गणपती बसले, म्हणजे ऐन सीझनमध्ये. आणि आमची अर्धी टीम कोकणातली.

त्या जूनमध्ये चिपळूणच्या एका मुलाने मुलाखतीतच सांगितलं होतं, "गणपतीला पाच दिवस मी गावी जाणारच. तेवढे सोडून रविवारीसुद्धा येईन." मी रोस्टर त्याप्रमाणे लावलं, काही अडलं नाही. दुसरी एक मुलगी "काहीच प्रॉब्लेम नाही" म्हणून रुजू झाली आणि चतुर्थीच्या आदल्या दिवशी फोन बंद करून गाडीत बसली. तिच्या वाटचे कॉल ज्यांनी घेतले, त्यांना घरच्या आरतीला पोचता आलं नाही. गणपतीला गावी जायचंय म्हणून मी आजवर कुणालाच नाकारलेलं नाही. परीक्षा, लग्न, बाळंतपण, वारी, जे असेल ते तारखेसकट सांगा. सीए करणाऱ्यांनी तर आधी सप्टेंबरचा अटेम्प्ट आहे का, ते सांगावं.

बाकीच्या

कलमं पाठ करून येऊ नका. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू झाला आहे, तरी २०२५-२६ च्या उत्पन्नाचं रिटर्न जुन्याच कायद्याने भरायचं असतं. नेमकी इथे पाठांतरवाल्यांची गाडी घसरते. ग्राहकाला कलम नको असतं, कोणतं बटण दाबायचं ते हवं असतं. त्यापेक्षा घरातल्या कुणाचा तरी फॉर्म १६ घेऊन अर्धा तास वाचा. टीडीएस म्हणजे आधीच कापलेला कर, रिटर्न म्हणजे वर्षाचा हिशेब आणि रिफंड म्हणजे जास्त कापलेलं परत, एवढा फरक स्वतःच्या शब्दांत सांगता आला तरी पुरे.

"माझा दोष म्हणजे मी फार परफेक्शनिस्ट आहे." व्हिडिओतली ही उत्तरं कृपा करून सोडा. एकाच दिवशी तिघांनी मला हे अक्षरशः त्याच शब्दांत ऐकवलं आहे. ऑनलाइन मुलाखतीत दुसऱ्या स्क्रीनवरचं उत्तर वाचताना डोळे डावीकडून उजवीकडे फिरतात, ते आम्हाला दिसतं.

मराठी येत असून इंग्रजीचा हट्ट धरू नका. मी मराठीत विचारलं तर मराठीतच उत्तर द्या. कराडहून फोन करणाऱ्या माणसाशी तुम्ही कसं बोलाल, तेच तर मला ऐकायचं असतं.

चॅटच्या चाचणीत स्पीडपेक्षा आकडे तपासा. पॅनमधलं एक अक्षर चुकलं तर पुढचं सगळं वाया.

फोनवर मुलाखत असेल तर रिक्षात बसून देऊ नका.

"पर्मनंट होईल का?" हा प्रश्न जरूर विचारा, पण पहिल्या पाच मिनिटांत नको. आम्ही दरवर्षी दोघा-तिघांना ठेवतो आणि ते कोण, हे ऑगस्टमध्येच कळतं. घाई करणाऱ्यांना मी हे सांगते तेव्हा त्यांचा चेहरा पडतो. पण खोटी आशा मी ग्राहकाला देत नाही, तशी तुम्हालाही देणार नाही.

पगाराचं मात्र संकोचून गप्प बसू नका. महिन्याला हातात किती, शेवटच्या आठवड्यातल्या जादा तासांचे पैसे वेगळे मिळतात का, इन्सेंटिव्ह कशावर ठरतो, मुदत वाढली तर करार आपोआप वाढतो की नवा होतो, साप्ताहिक सुट्टी बुडाली तर बदली सुट्टी मिळते का, हे सगळं विचारा आणि ऑफर लेटरमध्ये लिहून मागा. आणि मुलाखतीच्या, ट्रेनिंगच्या किंवा लॅपटॉपच्या नावाखाली कुणी आधी पैसे मागितले, तर एक रुपयाही न देता फोन ठेवा.