घरात लहान मुलं असताना प्राथमिक शिक्षक व्हायचं असेल तर

‘मास्तरकी म्हणजे मुलांच्या वेळेत घरी’ असं सगळेच सांगतात. नोकरी लागल्यावर ते बरंचसं खरं ठरतं. लागेपर्यंतची वाट मात्र तुमच्या घरी कोण आजारी आहे, कुणाचं स्नेहसंमेलन आहे हे विचारत नाही. त्यामुळे महाराष्ट्रात पहिली ते पाचवीला शिकवायचं मनात असेल, तर क्लास लावण्याआधी घरात बसून पुढचा क्रम ठरवा.

आधी पात्रता तपासा

पहिली ते पाचवीसाठी बारावी आणि डी.एल.एड. ही प्राथमिक शिक्षणाची पदविका (आपल्याकडे अजून सगळे डी.एड.च म्हणतात) लागते. बी.एड. असेल तर भागेल, हा समज सोडून द्या. ११ ऑगस्ट २०२३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलंय की पहिली ते पाचवीसाठी बी.एड. ग्राह्य नाही. बी.एड. झालेल्यांनी सहावी ते आठवीकडे बघावं.

वयाचंही गणित मांडा. भरतीची मर्यादा साधारणपणे खुल्या प्रवर्गाला ३८ आणि मागासवर्गीयांना ४३ आहे. भरती दरवर्षी निघत नाही. पस्तिशीत डी.एड.ला प्रवेश घेणाऱ्या खुल्या प्रवर्गातल्या आईला शासकीय शाळेसाठी जेमतेम एखादी संधी मिळेल. हे आज कळलेलं बरं.

डी.एल.एड.ची दोन वर्षं

प्रवेश बारावीच्या गुणांवर, ऑनलाइन होतो. कोर्स पूर्णवेळ असतो, हजेरी लागते आणि शाळांमध्ये प्रत्यक्ष पाठ घ्यावे लागतात. संपूर्ण प्रवासात घरावर सर्वांत जास्त ताण या दोन वर्षांत येतो, कारण परीक्षेचा अभ्यास रात्री करता येतो, हजेरी रात्री लावता येत नाही. मूल अंगणवाडीत किंवा बालवाडीत जाऊ लागल्यावर प्रवेश घेतला तर सोयीचं पडतं. सकाळी डबा कोण भरणार, दुपारी मुलाला कोण आणणार, हे नावानिशी ठरवा. ‘बघू, होईल’ या उत्तरावर प्रवेश घेऊ नका.

टीईटी

महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेच्या टीईटीचा, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेचा, पेपर एक तुमच्यासाठी: १५० प्रश्न, १५० गुण, अडीच तास. पाच विषयांना प्रत्येकी ३० गुण: बालविकास व अध्यापनशास्त्र, दोन भाषा, गणित आणि परिसर अभ्यास. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. खुल्या प्रवर्गाला ६० टक्के, म्हणजे ९० गुण हवेत. राखीव प्रवर्गाला ५५ टक्के. एकदा पास झालात की प्रमाणपत्र आयुष्यभर चालतं, म्हणून डी.एड. आधीच झालेलं असेल तर मूल तान्हं असतानाच हे उरकून घेता आलं तर उत्तम. केंद्राची सीटीईटीही ग्राह्य आहे, तीही देऊन ठेवा.

बालविकासाचा पेपर पालकांना सोपा जातो म्हणतात. जातो, पण एका अटीवर. समजा, दोन सारख्या पेल्यांत सारखं दूध आहे. पाच वर्षांच्या लेकीसमोर त्यातलं एक उंच, अरुंद ग्लासात ओता आणि विचारा, जास्त कुठे? ती बहुधा उंच ग्लासाकडे बोट दाखवेल. हा पियाजे या मानसशास्त्रज्ञाचा प्रयोग आहे, आणि तिला अजून ‘अक्षय्यता’ (भांडं बदललं तरी दूध तेवढंच राहतं हे) समजत नाही, असा त्याचा अर्थ. हे स्वतः पाहिलेलं माणूस विसरत नाही. पण परीक्षेत टप्प्याचं नाव आणि वयोगट विचारतात, तेव्हा निरीक्षणाला पुस्तकाची जोड द्यावीच लागते. गणित आणि परिसर अभ्यासासाठी पहिली ते पाचवीची बालभारतीची पुस्तकं आधी वाचा. मुलाचा गृहपाठ घेता घेता त्यातलं बरंच होऊन जातं. जाडजूड गाइडं नंतर.

टीएआयटी आणि पवित्र पोर्टल

टीईटी ही पात्रता झाली. नोकरी ठरते ती शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणीवर, म्हणजेच टीएआयटीवर. २०० प्रश्न, १२० मिनिटं, संगणकावर. पास-नापास असं काही नसतं, गुणांवर क्रम लागतो. २०१७, २०२३ आणि २०२५ अशा तिच्या आजवरच्या फेऱ्या बघा, म्हणजे चुकलेली संधी किती महाग पडते ते समजेल. इथे ज्ञानापेक्षा वेग लागतो. रोज घड्याळ लावून, दार लावून एक तास सराव करा. त्या तासात मुलांचा ताबा दुसऱ्याकडे द्या.

त्यानंतर पवित्र पोर्टलवर, म्हणजे राज्याच्या शिक्षक भरतीच्या संकेतस्थळावर, शाळांचा पसंतीक्रम भरायचा. घरापासून किती लांब राहायला तयार आहात, हे जोडीदाराशी त्याआधी बोला. निवड झाल्यावर भांडण्यात अर्थ नाही.

कागदपत्रं

लग्नानंतर नाव बदललेल्यांची इथे हमखास धावपळ होते. दहावीच्या प्रमाणपत्रावरचं नाव, विवाह नोंदणी दाखला, राजपत्र आणि आधार एकमेकांशी जुळवून ठेवा. जातीचा दाखला आणि वैधता माहेरच्या कागदांवर निघते, सासरच्या नाही. आणि एक अट पालकांनाच लागू पडणारी: लहान कुटुंबाचं प्रतिज्ञापत्र. २००५ च्या नियमांनुसार दोनपेक्षा जास्त अपत्यं असतील तर नोकरी अडू शकते. जन्मतारखेनुसार सूट आहे का ते फॉर्म भरण्यापूर्वी तपासा.

रुजू झाल्यावर

पहिली तीन वर्षं ‘शिक्षणसेवक’ म्हणून, महिना १६,००० रुपये मानधनावर. २०२३ पूर्वी ते ६,००० होतं, तरीही परगावी भाड्याची खोली आणि पाळणाघर धरलं तर हातात फार उरत नाही. तेवढी शिल्लक आधी जमवा. नियमित झाल्यावर वेतनश्रेणी लागते. पात्र महिला कर्मचाऱ्यांना प्रसूती रजेखेरीज एकूण १८० दिवसांची बालसंगोपन रजा मिळते, तीही एकदम नाही, टप्प्याटप्प्याने.

ज्यांना गाव सोडणं शक्यच नाही, त्यांनी जवळच्या स्वयंअर्थसहाय्यित शाळांमध्ये चौकशी करावी. तिथली भरती संस्था स्वतः करते. पगार बहुतेक ठिकाणी कमी असतो, काही शाळा शिक्षकांच्या मुलांना फीत सवलत देतात. नेमणूकपत्र लेखी मागा, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीचा पगार मिळतो की नाही ते त्यातच लिहून घ्या.