पेशंटचा ओव्हर देतो, आपला कोण घेणार?

सकाळी पावणेआठला ओव्हर सुरू होतो, म्हणजे ड्युटी संपवणारी सिस्टर पुढच्या शिफ्टला प्रत्येक पेशंटची माहिती सोपवते. बेड एक, डेंग्यू, प्लेटलेट बावीस हजार, रात्री ताप १०२ होता, सलाईन चालू आहे. बेड दोन, दम्याची आजी, ऑक्सिजन दोन लिटरवर, रात्री दोनदा नेब्युलायझर दिलं. असं चाळीस बेडचं सगळं सांगतो आपण, कुणाची लघवी किती झाली तेसुद्धा, मग सही करतो, पर्स उचलतो आणि निघतो. पण रात्री साडेतीनला बेड अकराच्या आजी आपला हात धरून गेल्या आणि त्यांच्या मुलाने सगळ्या वॉर्डसमोर आपल्याला आईवरून शिव्या दिल्या, हे कुठल्याच रजिस्टरमधे येत नाही. ते आपल्यासोबत घरी येतं, रिक्षात, स्वयंपाकघरात, कुकर लावताना.

मी एकोणीस वर्षं सरकारी हॉस्पिटलात आहे, आधी कॅज्युअल्टी, मग एसएनसीयू म्हणजे आजारी नवजात बाळांचा विभाग, आता बायकांच्या मेडिकल वॉर्डला इन्चार्ज सिस्टर. मी मानसोपचारवाली नाही हे आधीच सांगते. हा मनावरचा भार कसा सांभाळायचा ते स्टाफने स्टाफसाठी शिकलेलं आहे आणि सिस्टर, ब्रदर म्हणजे पुरुष नर्स, वॉर्डातले मामा आणि मावशी, लॅबवाले, रेसिडेंट म्हणजे शिकता शिकता ड्युटी करणारे डॉक्टर, सगळ्यांना लागू आहे.

पहिलं म्हणजे आपलं काय होतंय ते ओळखा. माझं मला असं कळतं, नातेवाईक दुसऱ्यांदा तेच विचारायला आला की तोंडातून पटकन "सांगितलं ना एकदा" निघतं. हे निघालं की मी समजते, भांडं भरलंय. कुणाला ड्युटीला निघताना बसस्टॉपवर पोटात गोळा येतो, कुणी ऑफच्या दिवशी अंथरुणातून उठतच नाही, कुणाला मॉनिटरची बीप घरी झोपेत ऐकू येते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मधे बर्नआउटची, म्हणजे कामाने पार गळून जाण्याची, व्याख्या केली त्यात तीन गोष्टी आहेत, जीव थकून जाणं, कामापासून मन तुटणं किंवा कामाचा तिटकारा येणं, आणि आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटणं. आणि त्यांनी हा आजार म्हटलेला नाही, कामाच्या ठिकाणच्या न सुटलेल्या ताणातून येणारी अवस्था म्हटलंय. हे मला फार महत्त्वाचं वाटतं कारण आपण लगेच स्वतःला दोष देतो की मीच कमजोर. इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या निकषात जनरल हॉस्पिटलला पाच पेशंटमागे एक आणि टीचिंग हॉस्पिटलला तीन पेशंटमागे एक सिस्टर धरलीय, आणि आपण रात्री एकटीने चाळीस बघतो. प्राणायाम मी रोज करते, त्याने बरंही वाटतं, पण चाळीस बेडचं ओझं त्याने कमी होत नाही हे लक्षात ठेवा आणि स्वतःवर चिडू नका.

आता आपला ओव्हर, म्हणजे आपल्या मनावरचं ओझं, कसा द्यायचा ते सांगते, कारण बाकी सगळ्याचं मूळ तेच आहे. ड्युटी संपली की निदान दोघींनी किंवा दोघांनी पाच मिनिटं बसायचं, चेंजिंग रूममधे, जिन्याखाली, कुठेही, फक्त वॉर्डात नको. तीन गोष्टी बोलायच्या. आज जड काय गेलं, माझ्या हातून चांगलं काय झालं, आणि इथे काय ठेवून जातेय. ऐकणाऱ्याने सल्ला द्यायचा नाही, "अगं माझं तर यापेक्षा" हे तर अजिबात नाही, फक्त ऐकायचं आणि शेवटी म्हणायचं "घेतला". बस. जे बोललं ते तिथेच राहतं, व्हॉट्सॲप ग्रुपवर जात नाही, मेट्रन मॅडमच्या केबिनमधे जात नाही. चांगलं काय झालं हे मधलं वाक्य लोक गाळतात, गाळू नका, अगदी "एका झटक्यात व्हेन मिळाली", म्हणजे सुईसाठी शीर सापडली, एवढं असलं तरी सांगा.

पेशंट गेल्यावर काय करायचं हे मी एसएनसीयूत शिकले. अकराशे ग्रॅमचं बाळ होतं, अठरा दिवस आमच्याकडे, आधी नळीने दूध आणि नुकतंच वाटी-चमच्यावर आलेलं, आणि एका रात्रीत इन्फेक्शनने गेलं. नवीन लागलेली एक सिस्टर त्या रात्री होती. सगळं उरकलं, बाळ आईकडे दिलं, कागद झाले, आणि मी बघते तर ही बेसिनपाशी उभी राहून ती वाटी घासतेय. पाच मिनिटं, दहा मिनिटं, नळ तसाच चालू. मी नळ बंद केला, वाटी तिच्या हातातून घेतली, तिला फीडिंग रूममधे बसवलं आणि म्हटलं, बाळाचं सांग. तर तिने वजनं सांगायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी अकराशे, मग एक हजार साठ, मग एक हजार चाळीस, मग वाढायला लागलं, अकराशे दहा, अकराशे तीस, सगळी अठरा दिवसांची वजनं तिला तोंडपाठ, आणि शेवटच्या वजनाला आल्यावर ती रडली. तोपर्यंत एक थेंब नव्हता डोळ्यात. त्या दिवसापासून मी कुणालाही "रडू नको, सवय होईल" म्हणत नाही.

आता आम्ही असं करतो. डॉक्टरांनी मृत्यू जाहीर केला की लाइन-नळ्या काढण्याआधी कुणीतरी एकजण म्हणतो, एक मिनिट थांबूया. पेशंटचं नाव घेतो, आणि सगळे आहेत तिथे गप्प उभे राहतो. ही माझी आयडिया नाही, अमेरिकेत व्हर्जिनिया युनिव्हर्सिटीच्या हॉस्पिटलातला जोनाथन बार्टेल्स नावाचा एक ब्रदर आहे त्याने हे सुरू केलं, तिथे त्याला द पॉज म्हणतात. आमच्याकडे मावशी हात जोडतात, कुणी डोळे मिटतं, कुणी नुसतं खाली बघतं. एका मिनिटाने कुठलाच वॉर्ड बुडत नाही. त्यानंतर ज्या सिस्टरचा तो पेशंट होता तिला लगेच नवीन ॲडमिशन देऊ नका, पंधरा मिनिटं बाहेर जाऊ द्या, चहा घेऊ द्या, बॉडी पॅक करायचं काम दुसरीने घ्यावं. आणि बॉडी शवागृहात नेणाऱ्या मामांना विसरू नका. रात्री दोन वाजता एकटा माणूस ती ट्रॉली ढकलत नेतो, परत येतो, लगेच एक्स-रेला पेशंट नेतो. त्यांना एवढं तरी विचारा, मामा, बसता का जरा.

नातेवाईक अंगावर आले तर. वाईट बातमी द्यायला कधीच एकट्याने जायचं नाही, डॉक्टर सोबत हवा आणि जवळपास गार्ड. आपण दाराच्या बाजूला उभं राहायचं, त्यांना बसायला खुर्ची द्यायची, आवाज खाली ठेवायचा, आणि "शांत व्हा" हे दोन शब्द टाळायचे, त्याने माणूस आणखी पेटतो. "तुमच्या आई गेल्या, आम्ही काय काय केलं ते सगळं सांगते" असं सरळ बोलायचं. तरी हात उचललाच तर त्याच शिफ्टमधे लेखी द्या, स्वतःची तपासणी करून एमएलसी म्हणजे पोलिसांसाठीची वैद्यकीय नोंद करा, आणि एफआयआर संस्थेने करावी म्हणून आग्रह धरा. महाराष्ट्रात यासाठी २०१० चा वेगळा कायदा आहे, डॉक्टर, नर्स, शिकणारी मुलं सगळे त्यात येतात, गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे, तीन वर्षांपर्यंत शिक्षा आणि पन्नास हजारांपर्यंत दंड.

पण मन मोडतं ते बहुतेक वेळा नातेवाइकाच्या थपडेने नाही, त्यानंतर आपल्याच माणसाने विचारलेल्या प्रश्नाने. "तू त्याला काय बोललीस?" कॅज्युअल्टीत असताना एकदा माझा हात पिरगाळला गेला आणि साहेबांनी पहिलं हेच विचारलं. हात आठवड्यात बरा झाला, तो प्रश्न अजून बरा झालेला नाही. इन्चार्जांनो, हात जोडून सांगते, पहिला प्रश्न "तुला लागलं का" हाच असू द्या. आणि उरलेल्या शिफ्टसाठी तिला त्या बेडपासून लांबचं काम द्या.

चुकीबद्दल कुणीच बोलत नाही म्हणून मी बोलते. डोस चुकला, इंजेक्शन दुसऱ्याच पेशंटला गेलं, सॅम्पलवर लेबल चुकलं. आधी लगेच डॉक्टरला सांगायचं, पेशंटकडे बघायचं, मग लिहायचं, लपवायचं नाही. पण हे झाल्यावर त्या स्टाफचं काय? अल्बर्ट वू नावाच्या डॉक्टरने २००० साली अशा माणसासाठी सेकंड व्हिक्टिम हा शब्द वापरला, म्हणजे पहिलं नुकसान पेशंटचं आणि दुसरं त्याचं ज्याच्या हातून ते झालं. अशा स्टाफला त्या दिवशी एकटं घरी सोडू नका, रात्री एक फोन करा, दुसऱ्या दिवशी परत करा, आणि चौकशी चालू असेल तरी जेवणाच्या डब्याला सोबत बसवा. चार जणी उठून दुसऱ्या टेबलावर गेल्या तर ती नोकरीच सोडते, मी पाहिलंय.

सुई टोचली तर साबण-पाण्याने धुवा, दाबून रक्त काढू नका, आणि पीईपीसाठी, म्हणजे एचआयव्ही होऊ नये म्हणून घ्यायच्या गोळ्यांसाठी, लगेच जा, शक्यतो दोन तासांत, ७२ तासांच्या पुढे नाही, गोळ्या २८ दिवस. पुढचे रिपोर्ट येईपर्यंतचा काळ फार वाईट जातो, म्हणून घरातल्या एका तरी माणसाला सांगून ठेवा.

नाइटचं थोडक्यात. जाण्याआधी दुपारी तास-दीड तास झोपा. रात्री दोन ते चारमधे आळीपाळीने वीस मिनिटं डोळे मिटा, यात चोरी नाही. तीननंतर चहा बंद, नाहीतर सकाळी झोप लागत नाही. सकाळी डोळे मिटत असतील तर गाडी तिथेच ठेवा आणि बसने जा. खरी अडचण पुढे आहे. नाइट करून आलेली बाई घरी दिसते म्हणून सगळ्यांना ती मोकळी वाटते, गॅसवाला, कुरिअर, पाहुणे, मुलांचे डबे. मी सासूबाईंना आणि ह्यांना बसवून वेळ सांगितली, नऊ ते दोन मी नाही असं समजा, आणि फ्रिजवर कागद लावला. पहिले काही महिने कुरबुर झाली, मग सवय झाली. रेसिडेंट मुलांना मात्र काय सांगू, १९९२ च्या रेसिडेन्सी स्कीममधे सलग बारा तास आणि आठवड्याला ४८ तास लिहिलंय आणि तुम्ही छत्तीस-छत्तीस तास उभे असता. तुम्हाला सहन होत नाही याचा अर्थ तुम्ही कच्चे नाही बाळांनो, ते माणसाला सहन होण्यासारखंच नाही. सिस्टर म्हणते झोप जरा, तेव्हा झोपा, कॉल आला की मी उठवते.

बोलून भागत नाही अशी वेळ कधी समजायची? दोन आठवडे झोप नाही, जेवण जात नाही, रोज दारू लागते, स्वतःच्या मनाने झोपेची गोळी सुरू केलीय, तर डॉक्टरकडे जा. मेलेलं बरं असं वाटायला लागलं तर त्याच दिवशी, ड्युटी संपायची वाट न बघता, शेजारी असेल त्याला सांगा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६, फुकट आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. आपल्याच हॉस्पिटलच्या मानसोपचार ओपीडीत बसलं की सगळे बघतात ही भीती मला कळते, मग दुसऱ्या गावात जा, पण जा. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने तुमची माहिती गुप्त ठेवायचा हक्क तुम्हाला दिलाय.

इन्चार्ज असाल तर आणखी थोडं. रोस्टर आठ दिवस आधी लावा, नाइटनंतरचा ऑफ कापू नका, एकीलाच सारखी कॅज्युअल्टी देऊ नका. आणि चेंजिंग रूमला आतून कडी आणि चांगला दिवा आहे का ते आजच बघा. अरुणा शानबाग या सिस्टरवर १९७३ मधे मुंबईच्या केईएम हॉस्पिटलात हल्ला झाला तो ती ड्युटी संपवून कपडे बदलत असताना, आणि पुढे जवळपास ४२ वर्षं तिथल्या सिस्टरांनीच तिला सांभाळलं. आपल्यातली जुनी माणसं अजून तिचं नाव घेतात. कडी नसेल तर अर्ज करा, अर्जाला वेळ लागत असेल तर स्वतःच्या पैशाने बसवा, मी बसवलीय.

आणि ओव्हर सुरू केला की पहिले काही दिवस कुणी बोलणार नाही, तयारी ठेवा. आमच्याकडे चार दिवस मी एकटीच बोलत होते, बाकीच्या घड्याळ बघायच्या. पाचव्या दिवशी कोपऱ्यात बादली घेऊन उभ्या असलेल्या मावशी म्हणाल्या, सिस्टर, बारा नंबरच्या बाईचे केस मी रोज विंचरायचे, ती मला लेकीच्या नावाने हाक मारायची, काल ती गेली आणि मी घरी जाऊन जेवलेच नाही. कुणालाच काही सुचेना. मग स्टुडंट सिस्टर, सगळ्यात लहान पोरगी, ती हळूच म्हणाली, घेतला मावशी.