थंडीत मिणमिणणारा ट्रेकचा स्टोव्ह

ब्युटेन गॅसच्या डब्यावर बसणारा छोटा स्टोव्ह. हरिश्चंद्रगडावर जानेवारीच्या पहाटे तो नुसता मिणमिणायला लागला. डबा हलवला तर आत गॅस चांगला डुचमळतोय! डब्यात ब्युटेन द्रवरूपात असतो, उणे ०.५ अंशाला उकळून त्याचा वायू होतो, आणि गॅस निघत राहिला की डबा आणखी गार पडतो. बाहेरून दवही सुटलं होतं. मग दाब येणार कुठून? थर्मासमधलं कोमट पाणी ताटलीत ओतून डबा त्यात बोटभर बुडवून ठेवला. कोमटच हं, कढत नाही. थोड्या वेळात ज्योत निळी होऊन फुरफुरली. काही जण वाऱ्यासाठी पत्रा थेट डब्याभोवती गुंडाळतात. तो आगाऊपणा नको, डबा तापून फुटू शकतो. हल्ली थंडीत प्रोपेन (गारठ्यातही दाब देणारा गॅस) मिसळलेलाच डबा घेतो. महाग पडतो, पडू दे. निघण्याआधी रबरी वायसरही बघतो, चीर दिसली की नवा.