ठाण्यात १९८६ उभं करायचं असेल तर

ऐंशीच्या दशकाची शॉर्ट फिल्म करायची म्हटलं की हल्ली सगळ्यात आधी गुलाबी-निळे दिवे लागतात, मग सिंथची धून येते आणि फ्रेमच्या कोपऱ्यात 'प्ले' झळकतं. हे ऐंशीचं दशक अमेरिकेचं, आणि तेही जाहिरातीतलं. नौपाड्यातल्या दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात तेव्हा ट्यूबलाइट होती, भिंतीला पिस्ता रंगाचा ऑइलपेंट होता आणि टीव्हीवर क्रोशाचा रुमाल होता. मराठी सिनेमाची ती धाटणी फिल्टरने येत नाही. ती येते कडक उजेडाने, डबिंगने आणि झूमने. पुढचा सगळा हिशोब दहा-बारा मिनिटांच्या, चार-पाच पात्रांच्या आणि दोन दिवसांत उरकायच्या फिल्मचा आहे.

आधी ठरवा: आठवण कशाची?

थिएटरात लागलेल्या कोऱ्या प्रिंटची, पुढे कधीतरी पाहिलेल्या विटक्या प्रिंटची, की व्हिडिओ कॅसेटची? तिन्ही वेगवेगळ्या दिसतात आणि बहुतेक लोक त्यांची खिचडी करतात. कोऱ्या ईस्टमनकलर प्रिंटमध्ये लाल-पिवळे रंग भरघोस असायचे, काळा रंग दाट आणि त्यावर बारीक ग्रेन, म्हणजे फिल्मचे दाणे. सगळ्या चित्रावर दिसणारी गुलाबी झाक नंतरची. त्या प्रिंटमधला सायन (हिरवट निळा) रंग सगळ्यात आधी उडतो, म्हणून मागे गुलाबी उरतो. १९८६ साली पडद्यावर कोणी गुलाबी माणसं पाहिली नाहीत. कॅसेटवर ग्रेन दिसतच नाही, तिथे रंग कडेबाहेर ओघळतात आणि बारीक रेघा पुसल्या जातात. ग्रेनही हवा, ओघळही हवा आणि गुलाबीही हवा, असा हट्ट धरला की चित्र कशासारखंच दिसत नाही. आमच्या मते चाळिशीपुढच्या प्रेक्षकासाठी कॅसेट निवडावी. लक्ष्मीकांत बेर्डे आणि अशोक सराफ यांना बहुतेकांनी दूरदर्शनवर किंवा भाड्याच्या व्हीसीआरवरच पाहिलंय. फ्रेमही मग ४:३ चीच ठेवा.

साल एकच धरा

'ऐंशीचं दशक' हे साल नव्हे. १९८१ ची बेलबॉटम आणि १९८९ ची बॅगी पँट एका घरात नांदत नाहीत. १९८६ सोयीचं पडतं, आणि त्याला एक अगदी व्यवहारी कारण आहे. १९८६ आणि २०२५ या दोन्ही वर्षांचे वार-तारखा जुळतात. रद्दीवाल्याकडून २०२५ चं भिंतीवरचं कॅलेंडर उचला, वरचं साल झाका, काम झालं. तिथी आणि सण मात्र जुळत नाहीत, त्यामुळे पानाचा क्लोजअप नको.

साल पक्कं झालं की यादी आपोआप आखडते. टायटनचं घड्याळ बाजारात आलं १९८७ मध्ये, तेव्हा मनगटावर चावीचं एचएमटी. मारुती ८०० डिसेंबर १९८३ पासून रस्त्यावर होती, पण गल्लीत उभी असेल तर तिच्याभोवती पोरं जमलेली दाखवा; नाहीतर फियाट आणि बजाज स्कूटर बरी. एमएच-०४ ची पाटी कुठेही दिसता कामा नये, कारण एमएच मालिका १९८९ मध्ये लागू झालेल्या नव्या मोटार कायद्यानंतरची. त्याआधी एम ने सुरू होणारी तीन अक्षरं आणि पुढे आकडे असायचे. तशी पाटी पुठ्ठ्यावर रंगवून सोसायटीच्या आवारात उभ्या असलेल्या गाडीवरच चिकटवा आणि शॉट झाला की काढा. ती लावून गाडी रस्त्यावर नेणं गुन्हा आहे.

गांधीजींच्या चित्राच्या नोटांची मालिका १९९६ पासूनची. १९८६ साठी वाघाची दोनची नोट नाणी-नोटावाल्यांकडे मिळते. रुपयाचं आजचं चिन्ह २०१० सालचं, त्यामुळे दुकानाच्या पाटीवर 'रु.' लिहा. इंग्रजीत पत्ता आला तर बॉम्बे, मराठीत मात्र तेव्हाही मुंबईच.

जागा

नौपाडा, विष्णूनगर, चरई इथल्या दोन-तीन मजली इमारती अजून थोड्याफार उभ्या आहेत, पण रिडेव्हलपमेंटची नोटीस लागलेली इमारत आज आहे आणि पुढच्या महिन्यात नाही. म्हणून रेकी आणि शूटिंग यांत फार दिवस जाऊ देऊ नका. चेंदणी कोळीवाड्यातल्या गल्ल्या अरुंद आहेत. तिथे फायदा असा की मागचे टॉवर फ्रेममध्ये येत नाहीत. तलावपाळी टाळा. तिथली माणसं हटवणं शक्य नाही आणि संध्याकाळी एलईडीचा लखलखाट.

गोष्ट नवी मुंबईत घडत असेल तर वाशीच्या जुन्या सेक्टरांतल्या सिडकोच्या इमारती उत्तम, शिवाय सीबीडी बेलापूरला चार्ल्स कोरिया यांनी ऐंशीच्या दशकात बांधलेली बैठी वसाहत आहे. तिथली बरीच घरं आता वाढवलेली, पण चौकाभोवतीची मांडणी दिसते. एकच सांभाळा: वाशीला लोकल गेली १९९२ मध्ये. १९८६ चा नायक खाडीपुलावरून बसनेच येणार.

रेकीला जाताना फोन गुडघ्याच्या उंचीवर धरून एक फेरी मारा, मग डोक्याच्या उंचीवर दुसरी. खाली पेव्हर ब्लॉक दिसतात आणि वर एसीचे डबे, डिश आणि सीसीटीव्ही. पेव्हर ब्लॉक हा ठाण्यातल्या पीरियड फिल्मचा पहिला शत्रू. लाल-पिवळा नक्षीचा ब्लॉक दिसला की साल संपलं. त्यावर दोन गोणी माती पसरून पाणी मारलं तर लांबून डांबर-मातीचा रस्ता वाटतो, पण शूटिंगनंतर ती झाडून भरून न्यायची तयारी हवी. नाहीतर कॅमेरा कमरेवर ठेवा. अॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्यांवर बाहेरून बांबूची चटई सोडा.

सार्वजनिक रस्त्यावर कॅमेरा लावायचा तर महापालिका आणि पोलीस ठाणे दोन्हीकडची परवानगी लागते. महाराष्ट्र चित्रपट, रंगभूमी आणि सांस्कृतिक विकास महामंडळाची एक खिडकी योजना त्यासाठीच आहे. आवारातल्या शूटिंगला सोसायटीचं लेखी ना-हरकत पत्र घ्या. सेक्रेटरींचं तोंडी 'करा हो' शूटिंगच्या दिवशी उपयोगाला येत नाही.

खोली

व्हिट्रिफाइड टाइल, मॉड्युलर स्विच आणि पांढरीफेक भिंत या तीन गोष्टी घर उघडं पाडतात. लादीवर सतरंजी टाका. स्विचवर जुनं लाकडी बोर्ड दुहेरी टेपने बसवा. काळी गोल बटणं भंगारात मिळतात. भिंतीसाठी आठ बाय चारचे प्लायचे तीन फ्लॅट (उभ्या करायच्या खोट्या भिंती) पुरतात: खालून साडेतीन ते चार फूट चकचकीत ऑइलपेंट, पिस्ता किंवा आकाशी, त्यावर अर्ध्या इंचाची गडद पट्टी, वर क्रीम डिस्टेंपर. रंग कोरडा झाला की माणसाची पाठ टेकते तिथे आणि स्विचच्या भोवती चहाच्या पाण्याचा बोळा फिरवा. नवीकोरी भिंत नाटकातली वाटते.

पाट्या फ्लेक्सवर छापू नका. कॉम्प्युटरचा देवनागरी फॉन्ट लांबूनही ओळखू येतो. अक्षरांची बाह्यरेषा पत्र्यावर छापून घ्या आणि आतून एनॅमलने सपाट ब्रशने भरा. तांबडं अक्षर, उजवीकडे खाली काळी सावली. हात थोडा हलला तर हलू द्या. पाटीवर फोन नंबर लिहायच्या फंदात पडू नका, गल्लीतल्या बहुतेक दुकानांत फोनच नसायचा.

उजेड

इथे सगळे घसरतात, कारण आजचे एलईडी पॅनल मऊ असतात आणि तेव्हाचा उजेड कडक होता. विनोदी चित्रपटांत तर माणसाच्या मागे भिंतीवर दोन-दोन सावल्या पडायच्या. ती चूक मानू नका, तोच तर हवा असलेला परिणाम. हजार वॉटचा एक हॅलोजन समोरून डावीकडे, साडेसहा-सात फुटांवर, डिफ्युजर न लावता. दुसरा मागून, केसांच्या कडेवर. एक हॅलोजन साधारण ४.३ अँपिअर ओढतो, म्हणजे ६ अँपिअरच्या साध्या सॉकेटवर एकच. दोन्ही एकाच एक्स्टेंशनवर लावले की फ्यूज तरी जातो नाहीतर वायर तरी वितळते. दुसरा गिझरच्या किंवा एसीच्या १६ अँपिअरच्या पॉइंटवरून घ्या. पडदा आणि थर्माकोल दिव्यापासून किमान तीन फूट दूर. काच गार झाल्याशिवाय हात लावू नका.

फ्रेममध्ये दिसणारी ट्यूब जाडीच हवी. जुनी चाळीस वॉटची नळी दीड इंच व्यासाची होती, आजची बारीक. पट्टी, चोक आणि स्टार्टर सगळं दिसू द्या. स्टार्टर ढिला करून दोनदा फडफडवली की संवादाची गरज उरत नाही.

बाहेर उन्हात प्लायवर चंदेरी कागद चिकटवून तीन बाय तीनचा रिफ्लेक्टर करा आणि थेट तोंडावर मारा. नट डोळे बारीक करतील. जुन्या सिनेमांतली माणसं बागेत गाताना कपाळाला आठ्या घालतात, त्या याच.

कॅमेरा

फोन चालतो, पण एचडीआर बंद आणि शार्पनिंग शक्य तितकं कमी. एक्स्पोजर, व्हाइट बॅलन्स आणि फोकस कुलूपबंद. २५ फ्रेम, शटर १/५०. आपली वीज ५० हर्ट्झची, दिवे सेकंदाला शंभरदा धडधडतात, म्हणून १/५० ला ट्यूब स्थिर दिसते. १/६० ला पट्टे सरकतात. दुपारच्या उन्हात फोनला १/५० ठेवायचं तर एनडी ६४ च्या आसपासचा, उजेड कमी करणारा फिल्टर लागतोच. तो न लावता शटर वाढवलं की चालणारा माणूस टकटक तुटक दिसतो आणि सगळं सोंग उघडं पडतं.

झूम हवाच. बातमी ऐकली, की झूम. आई दारात दिसली, की झूम. फोनवर बोटाने झूम केलं तर एका लेन्सवरून दुसरीवर जाताना चित्र उडी मारतं. त्यापेक्षा फोरके शूट करा आणि १०८० च्या टाइमलाइनवर क्रॉप वाढवत न्या. झूममध्ये पर्स्पेक्टिव्ह बदलत नाही, त्यामुळे दुप्पट क्रॉपपर्यंत फरक कळत नाही. सुरुवात झटक्याने, शेवट किंचित पुढे जाऊन मागे. माणसाचा हात असाच थांबतो. गिंबल (कॅमेरा स्थिर धरणारा दांडा) घरी ठेवा.

पात्रं एका ओळीत, तिरकी, सगळ्यांचे चेहरे दिसतील अशी उभी करा. मास्टर शॉट लांबवा. रंगभूमीवरून आलेल्या नटांचा सिनेमा होता तो, त्यांना खांद्यावरून घेतलेले तुकडे मानवत नाहीत.

आवाज

तेव्हाचे कॅमेरे घरघरायचे, म्हणून संवाद सेटवर नव्हे, नंतर डबिंगला भरले जायचे. त्यामुळे माणूस वीस फुटांवर असला तरी आवाज कानाशी. हे केलं तर प्रेक्षक डोळे मिटूनही साल ओळखतो. सेटवर फोनवर पायलट ट्रॅक, म्हणजे डबिंगला आधार म्हणून कच्चा आवाज, घ्या आणि डबिंग कपड्यांचं कपाट उघडून त्याच्यासमोर करा, अंगावर गोधडी, माइक सहा ते आठ इंचांवर. दहा सेकंदांचे तुकडे लूपवर लावा. वाक्य प, ब, म ने सुरू होत असेल तर चूक लगेच कळते, कारण तिथे ओठ मिटलेले दिसतात. ते अक्षर आधी जुळवा, मधलं कोणी पाहत नाही.

मग सगळं मोनो. खाली १०० हर्ट्झ आणि वर ८ किलोहर्ट्झला कापा. खोलीचा खरा आवाज टाकू नका. त्याऐवजी मोजकेच आवाज, तेही मोठे: शहाबादीवर चपला, स्टीलचा पेला ठेवल्याचा ठण्ण, बांगड्या. थोबाडीत मारल्याचा आवाज चामडी पट्टा दुमडून झटकल्यावर मिळतो.

लोकलचा आवाज आजच्या ठाणे स्टेशनवर रेकॉर्ड करू नका. २००७ नंतरच्या गाड्या सुटताना इलेक्ट्रॉनिक सूर काढतात, तो १९८६ मध्ये नव्हता. डीसी मोटरच्या गाडीचा जुना नमुना शोधा. रेडिओवर जुनं चित्रपटगीत लावायचा मोह होईल. मागे पुसट असलं तरी हक्क लागतात. ढोलकी, अॅकॉर्डियन आणि एका स्वस्त कीबोर्डवर आपली धून करा, त्यावर स्प्रिंग रिव्हर्ब, म्हणजे स्प्रिंगसारखा घुमणारा प्रतिध्वनी.

एडिट आणि कॅसेट

प्रिंटचा मार्ग निवडला असेल तर ही बारीक गोष्ट करा. तेव्हा डिझॉल्व्ह (एका चित्रातून दुसरं उमटणं) ऑप्टिकल प्रिंटरवर व्हायचा, म्हणजे तेवढ्या तुकड्याची एक कॉपी जास्त निघायची. म्हणून डिझॉल्व्ह सुरू होण्याआधीच चित्र जरा खरखरीत व्हायचं. प्रत्येक डिझॉल्व्हच्या दोन्ही बाजूंच्या पंचवीस-पंचवीस फ्रेमवर ग्रेन वाढवा आणि किंचित ब्लर द्या. साध्या कटला नाही. श्रेयनामावली थांबवलेल्या चित्रावर, हाताने लिहिलेल्या अक्षरांत. सेन्सॉरचं खोटं प्रमाणपत्र मात्र गंमत म्हणूनही लावू नका.

कॅसेटचा मार्ग असेल तर व्हीएचएस इफेक्ट विकत घेण्यापेक्षा खरा व्हीसीआर वापरा. लॅपटॉपमधून एचडीएमआय ते एव्ही कन्व्हर्टर, त्याचं बटण पॅलवर (आपल्याकडची टीव्ही पद्धत). तिथून व्हीसीआर, एसपी (साध्या वेगाच्या) मोडमध्ये रेकॉर्ड. मग व्हीसीआरमधून यूएसबी कॅप्चरने ७२० बाय ५७६ वर परत. एकदाच फिरवा. दुसऱ्यांदा फिरवलं की चेहरे पुसले जातात, आणि भाड्याची झिजलेली कॅसेट दाखवायची असेल तरच त्याला अर्थ आहे. कॅप्चर झाल्यावर डीइंटरलेस करा, म्हणजे एकाआड एक ओळींचं चित्र सलग करा, नाहीतर मोबाइलवर हालचालीच्या कडेला कंगव्याचे दात दिसतात.

कॅसेट घेताना वरचं झाकण उघडून आणि खिडकीतून टेपची गुंडाळी पाहा. आपल्या दमट हवेत बहुतेक जुन्या टेपवर पांढरी बुरशी धरते. तशी कॅसेट आत घातली की बुरशी हेडवर बसते आणि पुढची चांगली कॅसेटही नासते. हेड साफ करायचं ते आयसोप्रोपिल अल्कोहोलने, धागे न सुटणाऱ्या कपड्याने, ड्रमच्या फिरण्याच्या दिशेने. वरखाली घासलं तर हेडची टोकं तुटतात. शेवटी रेकॉर्डिंगचा पहिला अर्धा मिनिट रिकामा सोडा. टेप पकडताना ट्रॅकिंग तिथेच हलतं, आणि ती हललेली रेघ नावाआधी थोडी राहू दिली तर वेगळा इफेक्ट लागत नाही.