ऑनलाइन दुकान उघडण्याआधी : लहान सेंद्रिय शेतासाठी तयारीची यादी

वेबसाइट कोणती घ्यायची हा प्रश्न सध्या बाजूला ठेवा. आधी एक जाड वही घेऊन शेतभर फिरा. प्रत्येक तुकड्याला, प्रत्येक वाफ्याला क्रमांक द्या आणि तो पाटीवर रंगवून तिथेच रोवा. पीक बदलेल, पण वाफ्याचा क्रमांक बदलायचा नाही. उद्या ७ नंबरचा वाफा दुभागला, तर ७अ आणि ७ब करा. आठपासून पुढचे सगळे आकडे सरकवू नका. शेताचा साधा नकाशा काढून त्यावर हे क्रमांक टाका आणि त्याचा फोटो सगळ्यांच्या फोनमध्ये ठेवा.

वहीत प्रत्येक वाफ्यासमोर बियाणे कुठून आणले, लागवड कधी केली, खत कोणते, किती आणि कोणत्या तारखेला घातले, काढणी कधी अपेक्षित आहे आणि प्रत्यक्षात किती माल निघाला, एवढे लिहा. हे काम कंटाळवाणे आहे, पण सगळ्यात जास्त वेळ इथेच द्या. हीच नोंद तीन ठिकाणी लागते : प्रमाणपत्राच्या तपासणीला, दुकानात ‘शिल्लक किती’ हे दाखवायला, आणि ग्राहकाने तक्रार केली तर ती पेटी कुठल्या वाफ्यातली हे शोधायला. आम्ही सुरुवातीला या तिन्हींसाठी तीन वेगळ्या जागी लिहीत होतो. पहिल्याच महिन्यात त्याच जुड्या एकदा फोनवर आणि एकदा वेबसाइटवर विकल्या गेल्या आणि दोन घरांना नाही म्हणावे लागले. त्या दोन फोनांची आठवण अजून टोचते. तेव्हा विक्री फोनवर होवो, बाजारात होवो की इंटरनेटवर, माल वजा होईल तो एकाच नोंदीतून.

वही महिनाभर नीट चालली की ती स्प्रेडशीटमध्ये, म्हणजे संगणकावरच्या तक्त्यात, उतरवा. तारीख नेहमी वर्ष-महिना-दिवस अशी लिहा, म्हणजे नोंदी आपोआप क्रमाने लागतात. पिकांची नावे आधी एकदा ठरवून घ्या आणि ती यादीतूनच निवडा. ‘पालक’, ‘पालक जुडी’ आणि ‘छोटा पालक’ ही संगणकाच्या लेखी तीन वेगळी पिके आहेत. एककही ठरवा : किलो, जुडी की नग. जुडीचे वजन काट्यावर मोजून लिहून ठेवा, कारण ग्राहकाला जुडी दिसत नसते, फक्त शब्द दिसतो. शेतीच्या नोंदींसाठी फार्मओएस आणि लाइटफार्म अशी मुक्तस्रोत, म्हणजे मूळ कोड सगळ्यांसाठी खुला असलेली, साधने आहेत. लाइटफार्म कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातून पुढे आले आहे. ती चांगली आहेत, पण स्प्रेडशीट नियमित भरण्याची सवय लागल्यावरच तिकडे वळा.

आता विक्रीची पद्धत ठरवा. दुकान चोवीस तास उघडे ठेवण्याचा मोह होईल, तो टाळा. कारखान्याचा माल गोदामात पडून असतो, तुमचा माल वाफ्यात उभा असतो आणि काढल्या क्षणापासून त्यातले पाणी उडू लागते. म्हणून आधी मागणी, मग काढणी. आठवड्यातले दोन-तीन दिवस मागणी घ्या, ठरलेल्या वेळी दुकान बंद करा, त्याच संध्याकाळी वाफ्यांच्या क्रमाने तोडणीची यादी छापा आणि पहाटे गारव्यात माल काढा. ओपन फूड नेटवर्क या मुक्तस्रोत व्यासपीठात अशा मागणी-चक्राची सोय मुळातच आहे, कारण ते शेतकऱ्यांची थेट विक्री डोळ्यांसमोर ठेवून बनवले आहे. दुसरे कुठलेही व्यासपीठ निवडताना हीच गोष्ट आधी तपासा : दुकान ठरावीक वेळी आपोआप बंद होते का?

त्याहून सोपा रस्ता पेटीचा. ग्राहक आठवड्याची पेटी आगाऊ बांधून घेतो, आत काय जाईल ते शेत ठरवते. जपानमध्ये १९७०च्या दशकात ‘तेइकेई’ नावाने उत्पादक आणि ग्राहकांची अशी थेट बांधिलकी रुजली. अमेरिकेत १९८६ साली मॅसॅच्युसेट्स आणि न्यू हॅम्पशायरमधल्या दोन शेतांनी अशाच धर्तीची सदस्यपद्धत सुरू केली. पंचवीस वस्तूंचा साठा रोज अद्ययावत ठेवण्याऐवजी तुम्हाला पेट्यांची एकच संख्या सांभाळावी लागते. लहान शेताने इथूनच सुरुवात करावी असे मला मनापासून वाटते. पेटीत नको असलेली एखादी भाजी बदलून मागण्याची मुभा द्या, मात्र एकच.

किती माल दुकानात दाखवायचा? अंदाजे निघेल त्याच्या तीन चतुर्थांश. उरलेला पाव भाग पाऊस, कीड, प्रतवारीतली घट आणि चुकीचा अंदाज यांच्यासाठी राखून ठेवा. माल उरला तर शेवटच्या दिवशी वाढवता येतो. मागणी घेतल्यावर कमी करणे फार जड जाते.

‘सेंद्रिय’ हा शब्द वेबसाइटवर टाकण्याआधी तुमच्या देशाचा कायदा वाचा. अनेक देशांत प्रमाणपत्राशिवाय हा शब्द विक्रीसाठी वापरता येत नाही. अमेरिकी नियमांनुसार काढणीआधी ३६ महिने त्या जमिनीत निषिद्ध रसायन पडलेले चालत नाही आणि नोंदी किमान पाच वर्षे जपाव्या लागतात. युरोपीय संघात हंगामी पिकांसाठी पेरणीआधी दोन वर्षांचा, तर फळझाडांसाठी पहिल्या सेंद्रिय काढणीआधी तीन वर्षांचा रूपांतरकाळ, म्हणजे रासायनिक शेतीकडून सेंद्रिय शेतीकडे वळण्याचा काळ, आहे. तुमचे काही वाफे अजून त्या काळात असतील तर त्यांचा माल वेगळ्या क्रेटमध्ये काढा आणि दुकानातही वेगळा दाखवा. इथे वाफ्याचा क्रमांक पुन्हा कामी येतो. प्रमाणपत्राची प्रत, त्याचा क्रमांक आणि मुदत पानावर स्पष्ट टाका. मुदत संपण्याच्या तीन महिने आधी फोनवर आठवण लावा. त्रयस्थ संस्थेचे प्रमाणपत्र आणि शेतकरी-ग्राहकांच्या गटाने एकमेकांची पाहणी करून दिलेली सहभागी हमी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुमच्याकडे जी आहे तिचेच नाव घ्या.

फोटो स्वतःच्या शेतातले हवेत. इंटरनेटवरून उचललेला चकचकीत टोमॅटो पाहून मागवणाऱ्याला तुमचा थोडा वाकडा टोमॅटो फसवणूक वाटेल. सकाळच्या उन्हात, साध्या पार्श्वभूमीवर, हातात धरून फोटो काढा, म्हणजे आकार कळतो. चढवण्याआधी फाइल लहान करा. मंद नेटवर्कवरचा ग्राहक जड पान उघडण्याची वाट पाहत नाही.

पॅकिंगच्या जागी उभे राहून नेटवर्क तपासा, घरात नव्हे. तिथे रेंज नसेल तर यादी कागदावर छापूनच न्या. पेटीवरच्या लेबलवर पिकाचे नाव, वजन, काढणीची तारीख आणि लॉट क्रमांक हवा. लॉट क्रमांक म्हणजे वाफा आणि तारीख एकत्र, बस. क्यूआर कोड हवा असेल तर जरूर लावा. १९९४ साली जपानच्या डेन्सो वेव्हने तो मोटारींच्या सुट्या भागांचा माग ठेवायला बनवला आणि तुमचेही काम तेच आहे. मात्र तो स्कॅन केल्यावर उघडणारे पान रोज बदलणार नसाल तर साधा छापलेला क्रमांक पुरतो. शाईशिवाय उष्णतेवर छापलेले लेबल उन्हात आणि गरम जागी पुसट होते. पेटीचा प्रवास लांबचा असेल तर शाईच्या रिबनने छापणारा प्रिंटर पाहा.

सेन्सर, ड्रोन, मातीतला ओलावा फोनवर दाखवणारी यंत्रे इतक्यात नकोत. अपवाद एकच : माल साठवण्याच्या खोलीत तापमान बिघडले की फोनवर सूचना देणारा तापमापक. पालेभाजी शून्य अंश सेल्सिअसच्या जवळ आणि भरपूर ओलाव्यात टिकते, तर टोमॅटो आणि काकडी दहा अंशांच्या खाली बरेच दिवस राहिली तर बिघडतात. शिवाय पिकणाऱ्या फळांतून इथिलीन वायू निघतो आणि पालेभाजी पिवळी पडते. म्हणून एकाच खोलीत सगळे कोंबू नका, एक जास्त थंड आणि एक कमी थंड अशा निदान दोन वेगळ्या जागा करा. काढणी आणि पोहोच यांच्यात किती तास जातात ते मोजून दुकानात लिहा.

व्यासपीठ निवडताना विचारण्याचे प्रश्न थोडे आहेत, पण उत्तरे लेखी घ्या. ग्राहकांची आणि विक्रीची यादी आपल्याला फाइल म्हणून बाहेर काढता येते का? दलाली किती आणि कशावर? पैसे किती दिवसांनी जमा होतात? वेबसाइटचे नाव स्वतःच्या नावावर नोंदवा, बनवून देणाऱ्याच्या नावावर नको. नुसत्या समाजमाध्यमावरच्या पानावर विसंबू नका. ते खाते बंद पडले तर ग्राहकांचे पत्तेही तिथेच अडकतात.

ते पत्ते म्हणजे लोकांनी विश्वासाने दिलेली माहिती आहे. पोहोचवणाऱ्याला फक्त त्या दिवसाची यादी द्या. पासवर्ड प्रत्येकाचा वेगळा ठेवा, दुहेरी पडताळणी (पासवर्डनंतर फोनवर येणारा कोडही विचारणारी) लावा, आणि घरातल्या किमान दोघांना खाते उघडता आले पाहिजे. नोंदींच्या तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, त्यांतली एक शेताबाहेर, एवढे करा आणि महिन्यातून एकदा जुनी प्रत उघडते का ते पाहा.

ग्राहकांना उत्तर कोण देणार हे नावानिशी ठरवा. पहाटे तोडणीला जाणाऱ्या माणसावर रात्री दहाचे संदेश टाकू नका. उत्तराची वेळ पानावर लिहा. माल खराब पोहोचला तर फोटो पाहून पैसे परत, असा साधा नियम ठेवा. नाशवंत माल परत मागवण्यात अर्थ नसतो. अतिवृष्टीत किंवा घरात आजारपण असताना लावायची ‘या आठवड्यात पोहोच नाही’ ही सूचना आजच लिहून ठेवा, त्या दिवशी शब्द सुचत नाहीत.

शेवटी चाचणी. घरातल्या फोनला सगळ्यात कमी सरावलेल्या माणसाला पहिली मागणी नोंदवायला सांगा. त्याला मदत करू नका, तो कुठे अडखळतो ते लिहा. मग ओळखीच्या दहा घरांबरोबर चार आठवडे दुकान चालवा. दर आठवड्याला मागणी किती, काढले किती, पॅक झाले किती, पोहोचले किती आणि पैसे आले किती हे पाच आकडे शेजारी शेजारी लिहा. जिथे फरक दिसेल तिथे शेतात जाऊन कारण शोधा. सलग दोन आठवडे पाचही आकड्यांचा मेळ बसला की अकराव्या घराला दुकानाचा पत्ता द्या.